राग आला की उशी बडवा? कोण शिकवतं हे?

खडूस_मास्तर: परवा इथे एकाने लिहिलंय, "राग आला की उशी बडवा, दार लावून बोंबला, दाबलात तर बीपी होणारच." आणि खाली सगळे टाळ्या वाजवतायत! अहो, २०२४ मध्ये अमेरिकेत १५४ अभ्यास, दहा हजारांवर माणसं, सगळं एकत्र करून तपासलं. अंग तापवणाऱ्या गोष्टींनी राग उतरत नाही, जॉगिंगने तर वाढतोच. उतरतो तो दीर्घ श्वास, ध्यान असल्यांनी. २००२ च्या प्रयोगात तर ज्याचा राग आला त्यालाच डोळ्यापुढे आणून पंचिंग बॅग बडवणारे जास्त चिडले, नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत निघाले.

सांगलीची_सून: मास्तर, ते गप्प बसणं काही मिनिटांचं, माझं लग्नापासूनचं. सासऱ्यांनी ताट भिरकावलं तर "त्यांचा स्वभावच तापट", मी पातेलं जरा जोरात ठेवलं की "हिला वळण नाही". पित्त, अर्धशिशी सगळं झालं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावचा २००७ चा अभ्यास वाचा, नवऱ्याशी वाजलं की तोंड मिटून घेणाऱ्या बायकांत दहा वर्षांत मरणाचा धोका बाकीच्यांच्या चौपट निघाला. श्वास घ्या म्हणे!

खडूस_मास्तर: ताई, गिळा असं मी कुठे म्हटलं? बोला, पण भडका उतरल्यावर.

सांगलीची_सून: उतरल्यावर बोललं की "आता कशाला उकरतेस" म्हणतात. कधी बोलायचं मग?

तोंडावर_बोलणारा: बायकांचा विषय कुठून आला इथे? मी मनात ठेवत नाही, ओरडतो आणि लगेच विसरतो, तब्येत ठणठणीत.

सांगलीची_सून: तुम्ही विसरता हो. घरातले विसरत नाहीत. माझा नवरा अजून बापाच्या चपलांचा आवाज आला की टीव्ही बंद करतो, चाळिशी उलटली तरी.

रात्रपाळी: मी कॅज्युअल्टीत काम करते. भांडण चालू असतानाच छातीत कळ आलेले पेशंट बघितलेत. १९९५ चा अभ्यास आहे, रागाच्या झटक्यानंतर दोन तास हार्ट अटॅकचा धोका दुपटीहून जास्त असतो. ठणठणीत आहात तोवर ईसीजी करून घ्या दादा.

तोंडावर_बोलणारा: बरं, ईसीजी काढतो. पण माझा आवाजच मोठा आहे, प्रत्येक वेळी राग नसतो.

सांगलीची_सून: हे पोरांना विचारून सांगा. तुम्ही समोर नसताना.

खडूस_मास्तर: मूळ मुद्दा उशीचा होता! असो. ताईंचं एक मानतो, आधी शांत व्हा हे सांगणं नेहमी ऐकून घेणाऱ्यालाच होतं, ओरडणाऱ्याला कोणी सांगत नाही. उशीचं मात्र मी सोडणार नाही.