शब्दचर्चा : लीड शीट, अरेंज करणे, व्हॉइसिंग

काळी दोन
चाळिशीनंतर पेटीवरून पियानोवर आले आहे, आणि तेही जॅझच्या वाटेला. परवा आई राहायला आली होती. स्टँडवरचा कागद बघून म्हणाली, "डाव्या हाताचं कुठाय यात?" प्रश्न अगदी बरोबर होता. पियानोच्या छापील पुस्तकात पाच-पाच रेघांच्या दोन पट्ट्या असतात, एकेका हाताला एकेक. लीड शीटवर एकच. तिच्यावर गाण्याची चाल आणि वर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांच्या जुडग्यांची, नावं. बाकीचं तुमचं तुम्ही बघा. म्हटलं, "ते मला अरेंज करायचंय." "म्हणजे संयोजन?" "हो... म्हणजे नाही गं." तिथेच अडकले आहे. शीर्षकातल्या तिन्ही शब्दांना मराठीत काय म्हणाल?

उभा तंबोरा
'संयोजन' नकोच. त्या शब्दामागे अख्खा ऑर्केस्ट्रा उभा आहे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही गोव्याची मंडळी मुंबईच्या सिनेसंगीतात हेच काम करायची. संगीतकाराची चाल घ्यायची, व्हायोलिनला काय, ट्रम्पेटला काय, ते वेगवेगळ्या कागदांवर लिहून काढायचं. रेकॉर्डिंगच्या खोलीत त्यांना अरेंजरच म्हणत. पडद्यावर मात्र शंकर-जयकिशनच्या चित्रपटांत दत्ताराम आणि सेबॅस्टियन 'साहाय्यक' म्हणून झळकतात. (हे मला नेहमी खटकतं, पण तो वेगळा धागा.) मुद्दा असा की संयोजनात चार जणांना एकत्र आणायचं असतं. तुम्ही कुणाला आणणार, डाव्या-उजव्या हाताला? शिवाय संयोजक म्हटलं की मला हॉलमधल्या खुर्च्या मोजणारा माणूस दिसतो.

जुनी वही
लीड शीटचं नातं भातखंडे पद्धतीच्या स्वरलिपीशी लावू नका. ते संगीत नाटकाच्या जुन्या पुस्तकांशी लागतं. पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' म्हणून कुठल्या तरी आधीच्या पदाचा मुखडा. बस्स. जाणत्याला तेवढं पुरे, नवख्याला ते कोडं. फरक इतकाच की तिथे चालच गृहीत धरलेली असते, इथे चाल लिहिलेली आणि साथ गृहीत धरलेली.

जाता जाता, अशा कागदांच्या पुस्तकाला इंग्रजीत 'फेक बुक' म्हणतात. यातलं 'फेक' म्हणजे खोटं नव्हे, वेळ मारून नेणं. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं 'रिअल बुक' 1970च्या दशकात बॉस्टनच्या बर्कली कॉलेजच्या परिसरात, हक्कबिक्क न विचारता तयार झालं आणि झेरॉक्सवर जगभर फिरलं. रीतसर परवानगीची आवृत्ती निघाली 2004मध्ये. म्हणजे 'रिअल' तेवढं बेकायदा!

काळी दोन
वेळ मारून नेणं! माझी पहिले तीन महिने तीच अवस्था. आता व्हॉइसिंगचं, म्हणजे कॉर्डमधले स्वर कसे मांडायचे त्याचं, सांगते. पांढरी एक 'सा' धरा. कागदावर ओळीने तीन नावं आहेत : डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. पेटीवाल्याचा हात प्रत्येक नावाला पूर्ण मूठ उचलून नव्या जागी टाकतो. रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म, मग सा-ग-प-नी. बरोबर आहे, पण ऐकायला कवायत. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, कॉर्डचा मुख्य स्वर सोड, तो बेसवाला वाजवेल. डाव्या हातात घे म-ध-सा-ग. पुढच्या नावाला फक्त सा खाली नीवर आण : म-ध-नी-ग. एकच बोट हललं आणि कॉर्ड बदलली! तिसरी ग-प-नी-रे. नी तिथेच, बाकीचे एकेक पायरी खाली. जॅझ पियानोवादक बिल एव्हान्सच्या वादनात हा डावा हात सतत ऐकू येतो. या प्रकाराला वहीत मी 'पकड' लिहिलंय.

उभा तंबोरा
'पकड' आधीच रागाने पकडून ठेवलीय. यमनची पकड म्हणतो ती स्वरांची ओळ, ही मूठ नव्हे.

जुनी वही
'ठेवण' घ्या. चेहऱ्याची ठेवण म्हणतो तशी. नाक-डोळे तेच, पण कोणतं कुठे आणि किती अंतरावर, त्याने चेहरा ठरतो. स्वरांचंही तेच.

काळी दोन
ठेवण! लगेच खोडून लिहिते.

पडदा वर
हौशी नाटकवाला आहे, संगीतातलं कळत नाही. पण आम्ही नाटक 'बसवतो'. संहिता तीच, बसवणारा बदलला की प्रयोग बदलतो. गाणंही बसवतातच ना? आईला सांगा, "गाणं बसवतेय."

उभा तंबोरा
चांगला आहे, पण एक शंका. बसवलेलं नाटक पन्नासाव्या प्रयोगालाही जवळपास तसंच होतं. जॅझवाला दुसऱ्या फेरीत ठेवण बदलतो, तिसरीत कॉर्डच बदलतो. बसलं म्हटलं की पक्कं झालं असं वाटतं.

पडदा वर
आमच्या प्रयोगाला या एकदा. पक्कं कधीच होत नाही.

काळी दोन
मी 'बसवणे' उचलते. बाई आधी एक पक्की आवृत्ती लिहूनच घेतात, मोडायची परवानगी नंतर. लीड शीट मात्र लीड शीटच राहू दे, फक्त 'लेड शीट' म्हणू नका. ते शिशाचे पत्रे झाले, छपरावर घालायचे.