रात्रभर उभी गाडी सकाळी डेड: बॅटरी गेली की काहीतरी करंट खातंय?

घोडबंदरवाला
पेट्रोल हॅचबॅक, ३५ अँपिअर-अवरची बॅटरी, तीन वर्षं झाली. ठाण्यात कासारवडवलीला पोडियम पार्किंगमध्ये उभी असते. संध्याकाळी गाडी बंद केल्या केल्या १२.६ व्होल्ट, सकाळी सातला ११.८. सेल्फ मारला की नुसतं टकटकटक. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १४.२ मिळतात. मागच्या महिन्यात डॅशकॅम बसवलाय, वायर फ्यूज बॉक्समधून घेतलीय. दुकानदार थेट नवीन बॅटरी घ्या म्हणतो. आधी काय तपासू?

वायरमन_ऐरोली
बॅटरी लगेच घेऊ नका, आधी हिशेब मांडा. ३५ अँपिअर-अवरची धडधाकट बॅटरी दहा तासांत उतरवायला सतत साडेतीन अँपिअर लागतात. पार्किंग लाइट रात्रभर चालू राहिले तरी एवढा करंट जात नाही. एवढं काही जळत असतं तर वॉचमननेच सांगितलं असतं. म्हणून माझा अंदाज: बॅटरी थोडी बसलीय आणि वर छोटी गळती आहे (गाडी बंद असतानाही काहीतरी करंट खातंय), दोन्ही मिळून हा प्रकार होतोय.

संध्याकाळच्या १२.६ वर विश्वास ठेवू नका, तो वरवरचा चार्ज असतो. हेडलाइट एक मिनिट लावून बंद करा, पाच मिनिटांनी मोजा. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी.

पहिली चाचणी: चार्जरवर ३-४ अँपिअरने पूर्ण भरा आणि रात्री १० नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. तरीही सकाळी १२.४ च्या खाली आली तर दोष बॅटरीच्या पोटात आहे. टिकली तर गाडीत शोधा. आणि बॅटरीचा वरचा भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. खाडीकडच्या दमट हवेत वर साचलेली धूळ ओली होऊन दोन टर्मिनलांमध्ये करंट वाहतो.

मीटर_वाशी
गळती मोजताना बहुतेक जण घाई करतात. काच खाली ठेवा, दरवाजे उघडा आणि स्क्रूड्रायव्हरने त्यांचे लॅच दाबून बंद करा, म्हणजे गाडीला दरवाजे लागलेत असं वाटेल. डिकी मात्र खरोखर बंद करा. स्मार्ट की असेल तर गाडीपासून लांब ठेवा. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, निवडही १० अँपिअरची. एक टोक निगेटिव्ह पोलवर, दुसरं केबलच्या क्लॅम्पवर दाबून धरा आणि मग क्लॅम्प सावकाश उचला. मध्ये संपर्क तुटला तर सगळे कंट्रोल युनिट (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) पुन्हा जागे होतात. मीटर लावलेला असताना इग्निशन ऑन करू नका, सेल्फ तर अजिबात नको, मीटरचा फ्यूज उडेल.

सुरुवातीला एक-दोन अँपिअर दिसले तर घाबरू नका, अर्धा-पाऊण तास थांबा. शेवटी ०.०५ च्या आत आलं पाहिजे.

जास्त असेल तर फ्यूज एकेक उपटत बसू नका, परत लावताना युनिट जागे होतात. मीटर मिलिव्होल्टवर घेऊन प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टिकल्यांवर टोकं टेकवा. शून्य म्हणजे त्यातून काही जात नाही. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ०.१३ अँपिअर.

घोडबंदरवाला
दोन्ही केलं. टर्मिनल काढून ठेवल्यावर सकाळी १२.५५. मीटरवर चाळीस मिनिटांनी ०.३८ अँपिअर, खाली येतच नाही. डोम लाइट आणि स्टिरिओच्या १० अँपिअर फ्यूजवर २.८ मिलिव्होल्ट, बाकी सगळे शून्य. डॅशकॅमची वायर दुसऱ्या फ्यूजवर आहे.

वायरमन_ऐरोली
२.८ गुणिले ०.१३ म्हणजे ०.३६, आकडा जुळला. ०.३८ अँपिअर म्हणजे ५ वॅटच्या बल्बच्या जवळपास. माझा संशय डिकीच्या दिव्यावर, तो बहुतेक डोम लाइटच्याच फ्यूजवर असतो. दोन तास गाडी बंद ठेवा, डिकी उघडताच बल्बच्या काचेला हलकंच बोट लावा. नुकताच लागलेला बल्ब गार असतो, हा चटका देईल. नाहीतर फोन व्हिडिओ रेकॉर्डिंगवर आत ठेवून डिकी लावा.

बल्ब गार निघाला तर तो फ्यूज काढूनच स्टिरिओकडे वळा. आणि सगळे फ्यूज शून्य दाखवत असते तर अल्टरनेटरचा (इंजिनवर चालून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) डायोड तपासायचा, त्याची जाड वायर या फ्यूज बॉक्समधून जातच नाही.

घोडबंदरवाला
डिकीचाच दिवा! बल्ब काढल्यावर ०.०३. लॅचमधला स्विच गंजून अडकलाय.

मीटर_वाशी
पावसाळ्यानंतर हे हमखास होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, लॅच दहा-बारा वेळा हाताने हलवा, मग थोडं ग्रीस. स्विच मोकळा झाला नाही तर लॅचच बदलावा लागेल, तोवर बल्ब बाहेर.

पण ०.३८ ने दहा तासांत जेमतेम ३.८ अँपिअर-अवर जातात. तेवढ्यात ११.८ दिसतं म्हणजे बॅटरीची क्षमताही घटलीय. पूर्ण चार्ज करून, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून टर्मिनलवर मीटर बघा. ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी बदला, १०.५ च्या वर राहिला तर हीच वापरा. डॅशकॅमची वायरही एकदा बघा: चावी काढल्यावर कॅमेरा बंद होत नसेल तर ती इग्निशनवर चालणाऱ्या फ्यूजवर हलवा.