तीन वह्यांतलं एकच पाणी, मुलांना कसं दाखवायचं?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. वेंगुर्ले तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत आठवीला इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल दोन्ही मीच घेते. यंदा जूनमध्ये उत्साहाच्या भरात वर्गात तक्ता लावला. सातत्य आणि बदल, सत्ता, परस्परावलंबन, माणूस आणि निसर्ग. वर्षभर जो धडा येईल तो यातल्या कुठल्या धाग्यात ओवता येतो ते मुलांनी सांगायचं, असा बेत. कडेला स्केचपेननं नक्षीसुद्धा काढली.

घटक चाचणीत हौसेनं त्यावर एक प्रश्न घातला. उत्तरं अशी : 'सातत्य म्हणजे जे सतत असते ते.' 'बदल म्हणजे जे बदलते ते.' ४० पैकी ३१ जणांनी तक्ता घोकला होता. एकानं तर आधीच विचारून ठेवलं होतं, "बाई, ह्यां पेपरात येतलां?"

पण मला खुपलं ते वेगळंच. महाडचं चवदार तळं, २० मार्च १९२७, मुलांना तोंडपाठ. कोकणात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेही पाठ. पाणीपुरवठा हे ग्रामपंचायतीचं काम, तेही. आणि यातल्या कितीतरी मुलांच्या वाडीवर मे महिन्यात टँकर येतो. पण इतिहासाची वही वेगळी, भूगोलाची वेगळी, नागरिकशास्त्राची वेगळी. तिन्ही वह्यांत पाणीच आहे, हे एकालाही दिसलं नाही. मी सांगितलं की माना डोलावतात आणि लिहून घेतात!

एनसीईआरटीनं २०२४ मध्ये सहावीला हे सगळे विषय एकाच पुस्तकात आणून पाच सूत्रांत बांधलेत. ते चाळलं, आवडलंही. पण माझी मुलं आत्ता समोर बसलीत, वेगवेगळी पुस्तकं घेऊन. न सांगता त्यांचं त्यांना दिसेल असं कुणी काही केलंय का?

जुना_खडू

बाई, आधी तो तक्ता उतरवा, नक्षी कितीही चांगली असली तरी. सूत्राचं नाव बारशासारखं असतं, पोर जन्मल्यावर ठेवायचं.

मी बांद्याकडे नोकरी केली, आता निवृत्त आहे. एकदा एप्रिलात एका पोरानं खिशातून काजूचा बोंडू, म्हणजे फळ, काढून माझ्या टेबलावर ठेवला. पिकलेला, बी काढून घेतलेली. रस थेट हजेरीपटावर. काजूचा डाग जात नाही हे तुम्हाला काय सांगायचं, तो त्या पानावर शेवटपर्यंत राहिला. ओरडणार होतो, पण तोंडातून निघालं, "घरी बाकीच्या बोंडवांचं काय करता?" "टाकतो. गुरां खातत." दुसरा म्हणाला, माझा मामा पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे, गोव्यात राहतो, तो टाकत नाही, फेणी (बोंडवांची दारू) काढतो. लगेच तिसरा, "मगे आमी कित्याक टाकतंव?"

त्या 'कित्याक'वर, म्हणजे 'का'वर, चार तास गेले. दारूचा कायदा राज्याच्या हातात, म्हणून नाक्याच्या अलीकडे १९४९ चा आपला दारूबंदी कायदा आणि पलीकडे गोव्याचा वेगळा. पण सीमा तिथेच का? तर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पलीकडे पोर्तुगीज होते, आपल्याला स्वातंत्र्य मिळून १४ वर्षं झाली तरी. १५ ऑगस्ट १९५५ ला त्यांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या ती जागा हीच पत्रादेवी. आणि काजू तरी कुठला? ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबरच आलेला. आपल्याकडे फुटते त्यातली बरीचशी बी आज आफ्रिकेतून येते, हे एका मुलीला आधीच ठाऊक होतं. तिची आई काजू फोडायला जायची. गोणीवर "अक्षरां इंग्रजी, पण शब्द इंग्रजी न्हय" एवढं तिनं हेरलं होतं. आईची बोटं टरफलाच्या तेलानं काळी झालेली, आणि किलोमागे मिळतात किती, तो आकडा तिनंच सांगितला. वर्ग गप्प झाला.

पुढच्या जूनपासून फळ्याच्या कोपऱ्यात दोनच शब्द लिहिले, 'कोण ठरवतं?' वर्षभर पुसले नाहीत. धडा कुठलाही असो, कुणीतरी तिकडे बोट दाखवायचंच.

पाचवी_घंटा

सर, वाचायला गोड आहे. माझं मात्र उलटं झालं. व्यापाराचा धागा घेतला आणि बटाटा, पाव, चावी, पगार, घमेलं हे शब्द पोर्तुगीजांकडून आले म्हणून सांगितलं. मुलं खूश. पुढच्या चाचणीत भातही पोर्तुगीजांनी आणला, नारळही त्यांनीच, आणि मिरीसुद्धा! जिच्यासाठी ते एवढा समुद्र तुडवून आले तीच.

मुलांच्या हातात धागा आला की ती त्यात काहीही ओवतात. म्हणून आता मी दर वेळी 'या धाग्यात न बसणारं एक तरी शोधून आणा' असं सांगतो. त्यावर भांडणं जास्त होतात आणि उत्तरं बरी येतात.

बाकी पस्तीस मिनिटांचा तास, त्यात पोषण आहाराच्या नोंदी, वर ऑनलाइन माहिती भरा. चार तास आणलेत कुठून तेवढं सांगा.

जुना_खडू

चित्रकलेच्या सरांकडून उसने. अजून फेडायचेत.

भाट्याची_खाडी

मी रत्नागिरीत शिकवते. आमच्या मुलांना थिबा राजवाडा म्हणजे सहलीला जायची जागा. ब्रह्मदेशचा राजा थिबा, १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवला, १९१६ मध्ये इथेच वारला. आणि १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ कुठे? मंडालेच्या तुरुंगात, म्हणजे थिबाच्याच राजधानीत. दोन्ही गोष्टी मुलांना माहीत असतात, पण एका पानावर कधी आलेल्या नसतात.

मी काही बोलले नाही. नकाशावर दोन दोरे लावायला दिले, एक तिकडून इकडे, एक इकडून तिकडे. दोन्ही त्याच दोन टाचण्यांना अडकले तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "अरे, अदलाबदल केली की!" मग त्यांचाच प्रश्न, सरकार माणसाला एवढं लांब नेऊन का ठेवतं? एक मुलगा म्हणाला, आमच्या शेजारच्याला तडीपार केलंय तसंच का? मी गडबडले, पण विषय बदलला नाही. तडीपारीविरुद्ध अपील करता येतं. थिबानं कुणाकडे करायचं होतं? तास संपला तरी त्यांचं चालूच होतं.

सड्यावरची

तीन आठवड्यांनी लिहितेय. तक्ता उतरवला.

गडग्याचा (दगडी कुंपणाचा) एक जांभ्याचा चिरा वर्गात आणवला आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. निम्मं आत गेलं आणि थोड्या वेळानं खालून पाझरून माझ्या चपलेत. एवढा पाऊस जातो कुठे, ते सांगायला लागलं नाही. मग घरी आजीला तीन प्रश्न विचारून यायला सांगितले. पाणी कुठून आणायचात, कोण भरायचं, आणि कुणाला कुठे भरता येत नसे. तिसरा घालू की नको यावर माझी एक रात्र गेली.

२७ वह्या आल्या. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एकही पुरुष नाही, हे मुलींनीच आधी पकडलं. (पाचवी_घंटा, न बसणारं शोधा म्हटल्यावर एक आजोबा निघाले, आजी बाळंतीण असतानाचे.) एका वहीत मात्र असं आहे : 'आजीला वरच्या बावडीवर जाऊ देत नसत. ती खाली कळशी घेऊन बसायची, कुणी ओतेपर्यंत.' पुढे एक शब्द लिहून खोडलाय, बावडीचं नाव असावं. वर्गात वाचायची वेळ आली तेव्हा त्या मुलीनं वही दप्तरात ठेवली.

ते पान महाडच्या धड्याशेजारी ठेवलं की मला काही शिकवायलाच नको. पण ते मी तिच्या जिवावर कसं करू?

जुना_खडू

तिची वही दप्तरातच राहू द्या. तुमच्या माहेरी विहीर होती ना? तिथे कुणाला येता येत नव्हतं ते आधी तुम्ही लिहून आणा आणि वर्गात वाचा.

सड्यावरची

होती. मागल्या दारी, अजून आहे. आईला आज रात्री फोन करते.