वाफसा आला, पण अमावस्या आहे : मोडा पाळावा का?

काळीमाती : मृग कोरडा गेला. आर्द्रात दोन दिवस पाऊस झाला आणि वाफसा (पेरणीजोगी ओल) आला तो नेमका ज्येष्ठी अमावस्येला. आमच्याकडे सोलापूर जिल्ह्यात अमावस्येला मोडा असतो, औत धरत नाहीत. वडिलांनी पेरणीची पाभर काढलीच नाही. शेजारच्यांचा उडीद ट्रॅक्टरने दुपारपर्यंत पेरून झाला. मी दिवसभर धुमसत होतो. संध्याकाळी गोठ्यात बैल निवांत रवंथ करताना दिसले, तेव्हा वडिलांचं म्हणणं पटलं. काम नसताना बैलाला विसावा द्यायला नेम कशाला लागतो? घाईच्या दिवसांतच आपण त्याला चाबूक दाखवतो. अडचणीत पाळला तरच तो मोडा. माझं मत, पाळावा.

रानवाट : अजिबात पटत नाही. हलक्या रानातली ओल दोन दिवसांत उडते. बियाणं उधारीचं, पुन्हा पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही. पेर चुकली तर वर्षभर काय खायचं? 2020 सालची आषाढी आठवा. वारकऱ्यांनी पायी वारी थांबवली, ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. एवढा मोठा नेम माणसांच्या जिवासाठी वाकला. मग तुमची एक अमावस्या का वाकत नाही?

काळीमाती : पण तिथे वारकऱ्यांनी आपली ओढ आवरली, दुसऱ्याच्या जिवासाठी. मी अमावस्येला औत धरलं तर कुणासाठी आवरलं? आवरणं तर सोडूनच दिलं.

अष्टागर : अलिबागकडचे बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले यहुदी, घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. त्याच शनिवारच्या विसाव्याबद्दल, म्हणजे शब्बाथबद्दल, मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात, यहुद्यांच्या बंडाच्या जुन्या इतिहासात, एक प्रसंग आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रानात लपलेल्या यहुद्यांवर सैन्य शब्बाथच्या दिवशी चालून आलं. त्यांनी दगडसुद्धा उचलला नाही. बायकापोरांसह हजार माणसं मेली. ते ऐकून बंडाचा पुढारी मत्तथ्या आणि त्याच्या सोबत्यांनी ठरवलं, यापुढे शब्बाथला हल्ला झाला तर लढायचं. धर्म मानणाऱ्यांनीच ठरवलं हे. जीव राहिला तर नेम राहील.

काळीमाती : हल्ला झाला तर लढायचं, एवढंच ना? घाणा फिरवायची सूट त्यात नव्हती. एका दिवसाची ओल म्हणजे जिवावरचा हल्ला, असं मी तरी म्हणणार नाही.

रानवाट : तुमच्या काळ्या रानात ओल टिकते म्हणून तुम्हाला हल्ला म्हणवत नाही. माझ्या मुरमाड दोन एकरांत तो हल्लाच असतो.

जात्यावरची : तुम्ही दोघं बैलावर आणि ओलीवर भांडताय. अमावस्येला औत बंद असतं, चूल चालूच. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात, तेव्हा घरातली बाई पहाटेपासून पुरण वाटत असते. तिचा मोडा कुठल्या तिथीला? आणि रोजाने जाणाऱ्या बाईचा तर त्या दिवशीचा रोजही बुडतो. ज्याच्या कणगीत दाणे आहेत त्यालाच मोडा सोसतो. मला विसावा नको असं नाही, फार हवाय. पण पाळायचा तर गोठ्यापासून चुलीपर्यंत पाळा, आणि रोज बुडणारीला पायली-दोन पायली ज्वारी घाला.

काळीमाती : ताई, याला माझ्याकडे उत्तर नाही. काल आमच्या घरीही आई पहाटेच उठली होती. मोडा पाळावा हे माझं मत कायम आहे. पुढच्या अमावस्येला सकाळची चूल मी पेटवतो. रोजाच्या बायकांचं वडिलांशी आज रात्रीच बोलतो.

रानवाट : मी मात्र पेरणारच. बैलांना दुसऱ्या दिवशी विसावा देतो.