उद्यानातला उपद्रव : तुम्ही काय करून पाहिले?

आमच्या घरामागच्या सार्वजनिक उद्यानात वर्षभरापासून अंधार पडला की मद्यपींचे टोळके बसते. सकाळी घसरगुंडीखाली फुटक्या बाटल्या सापडतात आणि हळूहळू लोकांनी, विशेषतः स्त्रियांनी, तिकडे जाणेच सोडले आहे. ज्यांनी अशा वेळी प्रत्यक्ष काही करून पाहिले असेल, त्यांनी येथे सविस्तर लिहावे. जे फसले तेही लिहावे. मला तर तेच अधिक उपयोगी वाटते.

पायवाट
पहिली दोन वर्षे आम्ही केवळ तक्रारी केल्या. ‘उद्यानात रोज त्रास होतो’ अशी सुरुवात असलेले अर्ज ज्या ढिगात जातात, त्याच ढिगात आमचेही गेले. मग आमच्यातल्या एका निवृत्त लेखापालांनी नोंदवही सुरू केली आणि तीत वार, वेळ, नेमकी जागा, माणसे किती व त्यांनी काय केले एवढेच लिहायचे, कोणाच्या कपड्यांवरून किंवा चेहऱ्यावरून बांधलेले तर्क लिहायचे नाहीत, असा दंडक घातला. दीड महिन्याने वही चाळली तेव्हा आम्हीच चकित झालो, कारण ‘रोजचा’ वाटणारा त्रास बहुतांशी शुक्रवारी आणि शनिवारी रात्री ९ नंतर, तोही मागच्या फाटकाजवळ होत होता. सबंध आठवड्याची गस्त आम्हाला कधीच मिळाली नसती. दोन रात्रींची मात्र मिळाली.

हिरवळ
मी उद्यानांच्या आखणीचे काम करते, त्यामुळे माझे लक्ष माणसांआधी झुडपांकडे जाते. न्यूयॉर्कचे ब्रायंट पार्क १९७० च्या दशकात अमली पदार्थांच्या विक्रीसाठी कुप्रसिद्ध होते. सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी त्याची पाहणी केली, तेव्हा रस्त्यापेक्षा उंचावर असलेले आणि दाट कुंपणाआड दडलेले हे उद्यान बाहेरून दिसतच नाही, हाच मुख्य दोष असल्याचे त्यांनी दाखवून दिले. १९८८ मध्ये ते दुरुस्तीसाठी बंद झाले आणि १९९२ मध्ये पुन्हा खुले झाले, तेव्हा आड येणारी झुडपे गेली होती, प्रवेशमार्ग रुंद झाले होते आणि हव्या तिथे उचलून नेता येतील अशा खुर्च्या आल्या होत्या. आमच्या व्यवसायातला साधा ठोकताळा असा, की झुडूप २ ते ३ फुटांच्या वर वाढू देऊ नये आणि झाडाची फांदी ६ ते ७ फुटांच्या खाली येऊ देऊ नये, म्हणजे मधल्या पट्ट्यातून नजर आरपार जाते. दिव्यांबाबतही एक सांगते : डोळे दिपवणारा एकच प्रखर दिवा लावला, तर त्याच्यामागचा अंधार अधिकच गडद होतो. त्यापेक्षा सौम्य, पण सगळीकडे सारखा पडणारा प्रकाश बरा.

तिसरे बाकडे
आम्ही बाकडीच काढून टाकायला लावली होती. टोळके कट्ट्यावर सरकले. गेले ते गुडघेदुखीचे वृद्ध, आणि त्यांच्याबरोबर उद्यानातली शेवटची जागती नजरही गेली. या ठरावावर माझीही सही होती.

दोन मुलांची आई
तरुणांना हुसकावण्यासाठी आमच्याकडे कर्कश आवाजाचे यंत्र बसवले गेले. ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास आलेल्या या यंत्राचा आवाज सुमारे १७ किलोहर्ट्झ कंप्रतेचा असतो आणि वयाबरोबर असे उच्च ध्वनी ऐकू येईनासे होत असल्यामुळे तो मोठ्यांना सहसा जाणवत नाही. माझी धाकटी मुलगी फाटकातच कान झाकून रडू लागली, तेव्हा तिला काय होते आहे हे मला कळेपर्यंत आठवडा गेला. गोंगाट करणारी मुले तोवर उद्यानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती. यंत्राला उपद्रवी मूल आणि खेळणारे मूल यांतला फरक कसा कळणार?

एकेकाळचा टवाळ
सोळाव्या वर्षी मी अशाच टोळक्यात होतो, म्हणून लिहितो. घरात जागा नव्हती, मैदान क्लबाच्या ताब्यात होते, आणि उद्यानात आम्हाला दोनच प्रकारची माणसे भेटत : ओरडणारी आणि रस्ता बदलणारी. एका नव्या पहारेकऱ्याने आमची नावे विचारली, ती लक्षात ठेवली आणि नावानेच हाक मारू लागला. आम्ही काही सज्जन झालो नाही. परंतु जो आपल्याला नावाने ओळखतो, त्याच्यादेखत बाटली फोडताना हात अडखळतो.

सावध
वरील सर्व मान्य, पण गोंगाट आणि गुन्हा यांत गल्लत करू नये. आमच्याकडे अमली पदार्थांची विक्री चाले. मी चित्रण करण्यासाठी फोन वर धरला आणि घरापर्यंत पाठलाग झाला. अशा ठिकाणी स्वतः पुढे होऊ नका. सुरक्षित अंतरावरून पोलिसांना कळवा.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. काल टेप घेऊन गेलो : घसरगुंडीमागचे झुडूप माझ्या खांद्याला लागते, तेव्हा छाटणीचा अर्ज आज दिला. वहीही सुरू केली आहे. पहिली नोंद अशी : ‘शुक्रवार, रात्री ९.२०, घसरगुंडीजवळ चौघे जण, गप्पा मारत होते.’ पुढे आणखी एक वाक्य लिहिले होते, ते पायवाट यांचा दंडक आठवून खोडले.