मदत हवी आहे: गणितात 51, शाळा म्हणते डिप्लोमा नाही, सर्टिफिकेट घ्या

निळी_शाई
मुलगा बारावीत, जूनमध्ये ग्रॅज्युएशन. जानेवारीत गणितात पुन्हा 51 आले. काउन्सेलर म्हणते डिप्लोमा कठीण दिसतोय, सीडॉस (नोकरीच्या तयारीचा दाखला) देऊ, तेही सर्टिफिकेटच असतं. शुक्रवारी मीटिंग आहे, तिथे सही मागणार आहेत. परीक्षेऐवजी दुसरं काही चालतं का? बाकी विषय ठीक आहेत. लवकर सांगा. आणि "मुलाला वेळ द्या" वगैरे नको, वेळच नाहीये.

गोडांबा
बारावीला 51 म्हणजे पास की हो! 35 लागतात. काळजी सोडा. त्यातून जमत नसेल तर एनआयओएस (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) बघा. पाच विषय, 33 टक्क्यांना पास, ऑन डिमांड परीक्षा असते. दिव्यांग मुलांना तासाला 20 मिनिटं जादा आणि लेखनिक मिळतो. लेखनिकाचा अर्ज वेळेत करा, आयत्या वेळी केंद्रावर वाद होतात.

ह्यूस्टनकर
गोडांबा, त्या अमेरिकेत आहेत, सीडॉस, काउन्सेलर वाचलंत ना?
ताई, सोपं आहे. एआरडी कमिटी (शाळेची विशेष शिक्षणाची समिती) बोलवा. स्टार या राज्याच्या परीक्षेत पास होणं गरजेचं नाही असं कमिटी ठरवू शकते. ते आयईपीत (मुलाच्या विशेष शिक्षणाच्या लेखी आराखड्यात) लिहून घ्या, विषय संपला.

परसातली_तुळस
एआरडी फक्त टेक्ससमध्ये हो. मॅसॅच्युसेट्समध्ये तर एमकॅस परीक्षेची अटच नोव्हेंबर 2024 च्या मतदानात गेली. प्रत्येक राज्याचं वेगळं. ताई, राज्य सांगा आधी.

चौथी_खिडकी
सीडॉस म्हणतायत म्हणजे न्यूयॉर्क. पण बाकीचं काहीच लिहिलेलं नाही. हे सांगा:
गणित म्हणजे अल्जेब्रा वन ना? बाकी रीजंट्सचे (राज्याच्या परीक्षांचे) आकडे? "ठीक आहेत" हा आकडा नव्हे.
आयईपी आहे की 504 (नुसत्या सवलतींचा प्लॅन)? इथे सगळं यावर अडतं.
22 क्रेडिट्स जूनपर्यंत पुरे होतात का?
सही नेमकी कशावर?

निळी_शाई
हो, न्यूयॉर्क. वाटलं कळेलच.
इंग्लिश 61, अल्जेब्रा वन 51 (आधी 49), लिव्हिंग एन्व्हायर्नमेंट (जीवशास्त्र) 68, यूएस हिस्ट्री 57, ग्लोबल हिस्ट्री 47. क्रेडिट्स होतील. आयईपी आहे, तिसरीपासून. शुक्रवारी तो बंद करून 504 वर नेणार आहेत, आता त्याला फार मदत लागत नाही म्हणून. त्याचीच सही. पण हा वेगळा विषय आहे, माझा प्रश्न परीक्षेचा आहे.

चौथी_खिडकी
वेगळा विषय नाही. हाच विषय आहे. शुक्रवारी कशालाही होकार देऊ नका.

कारण असं. साधी पासिंग 65. अपंगत्व असलेल्या मुलांना सेफ्टी नेट आहे, 55 ते 64 असले तरी लोकल डिप्लोमा (कमी गुणांवरचा, पण खरा डिप्लोमाच) मिळतो. म्हणजे तुमचे 61 आणि 57 चालतात. हे 504 वाल्यांनाही मिळू शकतं, प्लॅनमध्ये तसं लिहिलेलं असेल तर. पण पुढच्या दोन गोष्टी 504 वर मिळत नाहीत.

पहिली, भरपाईची सोय. एका विषयात 45 ते 54 असतील तर दुसऱ्या कुठल्या विषयातले 65 किंवा जास्त ते भरून काढतात. तुमच्या ग्लोबलच्या 47 ला लिव्हिंग एन्व्हायर्नमेंटचे 68 चालतील, त्या विषयाचा वर्षाचा कोर्स पास हवा आणि हजेरी बरी हवी. अडचण ही की इंग्लिश आणि गणित यांना ही भरपाई लागू नाही. तिथे 55 हवेतच. नाहीतर 52 ते 54 वर अपील.

दुसरी, सुपरिंटेंडंट डिटर्मिनेशन. त्यावर खाली लिहिते, आधी दूध आटोपते.

गोडांबा
51 म्हणजे अपीलला फक्त एक मार्क कमी! पेपर पुन्हा तपासून घ्या. एक मार्क कुठेही निघतो.

चौथी_खिडकी
नाही निघत. 2011 पासून शाळेला रीजंट्सचे लेखी प्रश्न पुन्हा तपासायची बंदी आहे. बेरीज चुकली का, तक्त्यावरून स्केल स्कोअर नीट उतरवला का, एवढंच बघता येतं. तेवढं मात्र जरूर बघायला लावा.

सरळ_रस्ता
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? जीईडी (शाळेबाहेरून द्यायची डिप्लोमासमकक्ष परीक्षा) करून टाका. चार पेपर, प्रत्येकी 145 ला पास. न्यूयॉर्कने 2022 पासून टास्क ही आधीची तशीच परीक्षा सोडून जीईडीच घेतली आहे. महिन्या-दोन महिन्यांत काम होतं. लोक उगाच शाळेच्या मागे लागतात.

चौथी_खिडकी
चारांतला एक पेपर गणिताचा आहे आणि त्यातही बीजगणित आहे. 51 वर अडकलेल्याला दुसऱ्या दारातून त्याच खोलीत पाठवताय. शिवाय आयईपीतल्या सवलती तिथे आपोआप जात नाहीत, वेगळा अर्ज आणि कागद लागतात. 19 च्या आतल्यांना जादा अटी आहेत. सगळी दारं बंद झाल्यावर बघू.

सरळ_रस्ता
निदान तिथे सुपरिंटेंडंटच्या मर्जीवर नसतं.

परसातली_तुळस
दोघांचं वेगळ्या धाग्यावर चालू द्या. ते डिटर्मिनेशनचं लिहा ना.

चौथी_खिडकी
लिहिते.

मुलाने आवश्यक त्या सगळ्या रीजंट्स दिल्या, कोर्स पास केले, क्रेडिट्स पुरे केले, पण परीक्षेचा आकडा गाठला नाही, तर डिस्ट्रिक्टचा सुपरिंटेंडंट (तिथल्या शाळांचा प्रमुख अधिकारी) इतर पुरावे बघून लोकल डिप्लोमा देऊ शकतो. पालकांनी लेखी मागणी केल्याशिवाय हे सुरूच होत नाही. शाळा आपणहून बहुधा सांगत नाही. आयईपी चालू असलेल्यांनाच लागू. 504 वर नेलं की दार बंद, म्हणून शुक्रवार महत्त्वाचा.

आता काउन्सेलरच्या सीडॉसबद्दल. नुसता सीडॉस हा डिप्लोमा नव्हे. सैन्यभरती, कॉलेजची फेडरल मदत, कुठेच तो डिप्लोमाच्या जागी चालत नाही. पण डिटर्मिनेशनला इंग्लिश आणि गणितात 55 (किंवा मंजूर अपील) लागतात, आणि ते नसतील तर त्याऐवजी सीडॉसच्या अटी पूर्ण असाव्या लागतात. म्हणजे शाळा जे हातात देऊन वाटेला लावतेय, तीच तुमची किल्ली आहे. घ्या, फक्त त्यावर थांबू नका.

सीडॉसला 216 तास. व्यावसायिक कोर्स आणि कामाचा अनुभव मिळून, त्यातले निदान 54 तास प्रत्यक्ष कामाचे. शिवाय करिअर प्लॅन आणि एम्प्लॉयबिलिटी प्रोफाइल. पूर्ण युनिटचा व्यावसायिक कोर्स 108 तासांचा, म्हणजे दोन केले असतील तर बेरीज झाली, उरले ते 54. गोंधळ इथेच होतो. मुलाने काकाच्या दुकानात काम केलं आणि शाळेच्या नोंदीत नाही, तर ते धरत नाहीत. शाळेच्या देखरेखीखालचं हवं, तासांची नोंद सहीनिशी हवी.

निळी_शाई
बोसीसमध्ये (व्यावसायिक शिक्षण केंद्रात) कुलिनरी (पाककला) दोन वर्षं करतोय. तास माहीत नाहीत.

चौथी_खिडकी
मग बहुतेक जमलं आहे आणि कुणी मोजलेलं नाही. उद्या सकाळी काउन्सेलरला ईमेल: "आजपर्यंतचे सीडॉसचे तास, त्यातले वर्क-बेस्ड किती, कोणता कागद अपुरा, लेखी कळवा." फोन नको. फोनवर सगळ्यांचे तास 216 च असतात.

ह्यूस्टनकर
म्हणजे गणित परत द्यायचंच नाही का?

चौथी_खिडकी
द्यायचं, जूनमध्ये. 55 आले तर सुपरिंटेंडंटची गरज पडत नाही, ग्लोबलला भरपाई आहे. 52 ते 54 आले तर अपील. त्याला निदान दोनदा परीक्षा दिलेली हवी (आहे), कोर्सची सरासरी पास हवी, जादा शिकवणीला गेल्याची नोंद हवी आणि गणिताच्या शिक्षकाची शिफारस हवी. शिकवणीचं हजेरीपत्रक आजपासून जपा, अपील त्यावरच लटकतं.

तयारीबद्दल: 24 बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही. एकही कोरा सोडायचा नाही. ग्राफिंग कॅल्क्युलेटर सगळ्यांनाच असतो, पण टेबल काढून पर्याय तपासणं, दोन आलेखांचा छेदबिंदू शोधणं हे सराव नसेल तर हातात असून नसल्यासारखं. लेखी प्रश्नांत टप्प्यांना गुण मिळतात, अर्धं आलं तरी लिहायचं. एक्स्टेंडेड टाइम आणि वेगळी खोली आयईपीत राज्याच्या परीक्षांसाठी लिहिलेली आहे का बघा. फक्त वर्गाच्या परीक्षांपुरती असेल तर जूनच्या सकाळी "यादीत नाही" ऐकायला मिळेल.

रविवार_पेठ_बफेलो
रीजंट्सची अटच 2027-28 पासून जाणार आहे ना? मग थांबा की. अजून दीड-दोन वर्षं शाळा.

परसातली_तुळस
त्याचे मित्र जूनमध्ये टोप्या उडवणार आणि हा थांबणार? सांगणं सोपं आहे.

रविवार_पेठ_बफेलो
टोप्या बाजूला ठेवा. लोकल डिप्लोमा हातात पडला की स्पेशल एज्युकेशनचा हक्क संपतो. सीडॉसने संपत नाही, वयाची मर्यादा गाठेपर्यंत शाळेत राहता येतं. मुलाला अजून जॉब कोचिंग, प्रवासाचं प्रशिक्षण वगैरे लागणार असेल तर डिप्लोमाची घाई तोट्याची. कुणीच हे विचारलं नाही.

चौथी_खिडकी
हे बरोबर आहे, आणि मी आधीच विचारायला हवं होतं. ताई, पुढे काय ठरलंय?

निळी_शाई
कम्युनिटी कॉलेज, कुलिनरीच. त्याला स्वतःला जायचंय. जॉब कोच वगैरे नको आहे त्याला.

चौथी_खिडकी
मग डिप्लोमाच. शुक्रवारसाठी:

आयईपी बंद करण्याआधी पुनर्मूल्यांकन करावंच लागतं. झालंय का विचारा, रिपोर्ट मागा. "मी सहमत नाही" हे शब्द मिनिट्समध्ये घालायला लावा. निर्णय लादलाच तर प्रायर रिटन नोटीस (निर्णयाची कारणांसह लेखी नोटीस) मागा. ड्यू प्रोसेसची (औपचारिक सुनावणीची) तक्रार केली तर निकाल लागेपर्यंत सध्याचा आयईपी चालू राहतो. हे एक वाक्य शांतपणे म्हटलंत तरी खोलीतला सूर बदलतो.

मीटिंगलाच सुपरिंटेंडंटच्या नावे पत्र द्या, प्रत मुख्याध्यापकांना, तारीख टाकून पोच घ्या. निर्णय जूनचे निकाल आणि क्रेडिट्स नक्की झाल्यावरच होईल, पण पुरावे आता जमतील: कोर्सचे ग्रेड, चाचण्या, प्रोजेक्ट, गणिताची वही. गणित आणि ग्लोबल दोन्हींचं जमवा. वही टाकू नका, टेबल, आलेख, समीकरणं सोडवलेली पानं हाच पुरावा.

गोडांबा
आमच्याकडे 35 ला पास, तेच बरं.

निळी_शाई
वही रद्दीत गेली नाहीये, बघितलं आत्ताच. पत्रात "लोकल डिप्लोमासाठी सुपरिंटेंडंट डिटर्मिनेशनची विनंती" एवढंच लिहू की 51 चं कारणही?

चौथी_खिडकी
एवढंच. नाव, जन्मतारीख, विनंती, सही. कारणं शोधायचं काम त्यांचं.