एक्स्टेंडेड वॉरंटी : घ्यावी की शोरूमला हात जोडावेत?

चौथागिअर (धागाकर्ता)
नव्या गाडीच्या कोटेशनमध्ये एक्स्टेंडेड वॉरंटीची (मूळ वॉरंटी संपल्यावर पुढची काही वर्षं, वेगळे पैसे भरून घेतलेली हमी) ही एक ओळ हमखास घुसवलेली असते आणि वर 18 टक्के जीएसटी. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'सर, सगळेच घेतात.' माझं मत: साधी पेट्रोल, मॅन्युअल गाडी असेल तर घेऊ नये. मारुतीने जुलै 2024 पासून मूळ वॉरंटीच 2 वर्षं/40,000 किमीवरून 3 वर्षं/1 लाख किमी केली. कारखान्यातला दोष असेल तर तो बहुधा तेवढ्यात उघडा पडतो. पुढे खिसा रिकामा करतात क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर आणि बॅटरी. करारात नेमकी हीच मंडळी झिजेच्या नावाखाली वगळलेली. कागद वाचून बघा.

डीसीटीग्रस्त
मॅन्युअल गाडी धरून सगळ्यांना नियम लावू नका राव. माझी टर्बो, ड्युअल क्लचवाली, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची. चौथ्या वर्षी सिग्नलवर गिअरच पडेना, मेकॅट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेलेलं. अंदाजपत्रक लाखाच्या वर. वाढीव वॉरंटी होती म्हणून निभावलं. शिवाय गाडी विकताना ती पुढच्या मालकाच्या नावावर करता येते, भाव बरा येतो.

चौथागिअर
टर्बो-ऑटोमॅटिकला घ्या, वाद नाही. पण शोरूमवाले ती पाच लाखांच्या हॅचबॅकच्याही गळ्यात मारतात, त्याचं काय?

पान्हा१०नंबर
सांगलीत गॅरेज चालवतो. लोक वॉरंटी घेतात आणि स्वतःच घालवतात. बाहेरून सीएनजी किट, म्युझिक सिस्टिमसाठी वायरिंग कापलेली, एखादी सर्व्हिस चुकलेली. मग क्लेम नाकारला की शिव्या कंपनीला. पण कंपन्याही साध्या नाहीत. बाहेरच्या गॅरेजांची अडवणूक केली म्हणून 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, हेही त्याच आदेशात होतं. कंपन्या अपिलात गेल्या. आणि आमच्याकडे साधं ऑइल बदललं तरी शोरूमच्या काउंटरवरचा पोरगा आजही 'वॉरंटी गेली' म्हणून घाबरवतो.

पावसाळीवाशी
एक घोळ निस्तरा आधी. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, पुन्हा स्टार्टर मारला आणि इंजिन गेलं, तर वॉरंटी कुठलीही असो, पैसे मिळणार नाहीत. साध्या विम्यातूनही मिळणं कठीण. त्याला इंजिन प्रोटेक्ट हे विम्यावरचं जादा कवच वेगळं घ्यावं लागतं. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्याने पैसे आधी तिकडे घालावेत.

जर्सीकर
इकडे अमेरिकेत हे 'सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट' कारकंपनीशी संबंध नसलेले लोकही विकतात, फोन करकरून. कारशील्ड हे त्यातलं मोठं नाव. जाहिराती फसव्या असल्याच्या आरोपावरून 2024 मध्ये इथल्या व्यापार आयोगाशी त्यांना 1 कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. तेव्हा तिकडेही सही करण्याआधी बघा: हमी कारकंपनीची आहे, की डीलरने गाठलेल्या तिसऱ्याच कुणाची?

डीसीटीग्रस्त
हे पटलं. पण गॅरेजवाले दादा, एक सांगा. माझं मेकॅट्रॉनिक तुम्ही उघडलं असतंत?

पान्हा१०नंबर
नाही. पार्ट मिळाला तरी त्याचं सॉफ्टवेअर आणि मॅन्युअल आमच्यापर्यंत येत नाही. 2014 ची केस त्यावरच तर होती.